अँजिओप्लास्टी वेळेत झाली तरी हृदयाचं नुकसान का झालं? त्या चिकटणाऱ्या पांढऱ्या पेशींना अडवता येत नाही का?

पाऊलवाट
बाबांना (वय ६४) साडेतीन आठवड्यांपूर्वी हार्ट अटॅक आला. आता घरी आहेत, बरे आहेत, हळूहळू चालतात. पण एक प्रश्न माझी पाठ सोडत नाहीये आणि ओपीडीतल्या पाच मिनिटांत तो नीट विचारता येत नाही, म्हणून धागा काढतोय.

हॉस्पिटलात पोचल्यापासून पन्नास मिनिटांत अँजिओप्लास्टी झाली. एलएडी नावाची पुढची शीर शंभर टक्के बंद होती, स्टेंट टाकला, डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं रक्त सुरू झालं. आम्ही तिथेच रडलो सगळे. मला वाटलं नळ चोंदला होता तो मोकळा झाला, सुटलो. दुसऱ्या दिवशी इको केला तर ईएफ (प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते) ३५. कागदावर लिहिलेलं की डाव्या कप्प्याची पुढची भिंत आणि टोक हलत नाहीये. हलत नाहीये, एवढेच शब्द.

त्याच फाइलमध्ये सीबीसीचा रिपोर्ट होता, पांढऱ्या पेशी १६,४०० आणि त्यात न्यूट्रोफिल ८६ टक्के. मी घाबरून विचारलं इन्फेक्शन झालंय का. डॉक्टर म्हणाले, नाही हो, हृदयाला जखम झाली की या पेशी धावून येतात, आणि रक्त परत सुरू झालं की शिरांना चिकटून थोडं नुकसान त्याही करतात. आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले.

तेव्हापासून डोक्यात हेच. चिकटतात म्हणजे काय? आणि चिकटल्याने नुकसान होतं हे माहीत आहे तर चिकटू न देणारं औषध का नाही देत?

धुक्यातला_दिवा
बाबांना लवकर बरं वाटू दे. प्रश्न चांगला आहे, वाचतेय.

अमलताश
माझ्या आईचं असंच झालं होतं, ईएफ ३० सांगितला होता आणि आम्ही हबकलोच. तीन महिन्यांनी ४५ झाला. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो, त्याला जागं व्हायला आठवडे लागतात. तेव्हा पहिल्या इकोवर जाऊ नका.

सूक्ष्मदर्शी
पाऊलवाट, "चिकटतात म्हणजे काय" हे मी सांगू शकते कारण तीन वर्षं मी दिवसभर तेच बघायचे. मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये होते.

आमच्याकडे एक चपटी काचेची नळी असायची, तिच्या तळाला दोन प्रथिनं लावून ठेवायची, पी-सिलेक्टिन आणि आयकॅम-१. हीच दोन शिरेच्या आतल्या अस्तरावर असतात. मग ताज्या रक्तातून न्यूट्रोफिल वेगळे काढायचे (काही तासांत वापरावे लागतात, नाहीतर ते आपोआप चिडतात नाहीतर मरतात) आणि पंपाने त्या नळीतून सोडायचे. कॅमेऱ्यात दिसतं ते असं: आधी नुसते ठिपके सर्रकन पळतात. मग एखादा तळाला लागतो आणि त्याचा वेग एकदम पडतो, तो घरंगळायला लागतो, उतारावर चेंडू अडखळत जावा तसा, सुटतो, परत धरतो. ही सिलेक्टिनची पकड, सैल. मग आपण जळजळ झाल्याचा रासायनिक इशारा देणारं द्रव्य सोडलं की घरंगळणारा चेंडू जागच्या जागी थांबतो. थोड्या वेळाने चपटा होतो, पाय पसरतो. ही दुसरी पकड, घट्ट. न्यूट्रोफिलच्या अंगावर इंटिग्रिन नावाचे हुकासारखे आकडे असतात (त्यांचा एक भाग म्हणजे सीडी१८) ते आयकॅममध्ये अडकतात. यानंतर पेशी अस्तराच्या फटीतून पलीकडे स्नायूत उतरते.

आता गंमत ही की सीडी१८ वर बसणारी अँटीबॉडी आधी मिसळली तर न्यूट्रोफिल घरंगळत राहतात पण थांबत नाहीत, तसेच नळीच्या दुसऱ्या टोकाने निघून जातात. आणि पी-सिलेक्टिन झाकलं तर घरंगळतसुद्धा नाहीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अगदी हेच वाटलं होतं जे तुम्हाला वाटतंय. की बस, सापडलं.

हृदयात काय होतं, रक्त बंद असताना अस्तर उपाशी राहतं आणि रक्त परत आलं की ते चवताळतं. पी-सिलेक्टिन त्या पेशींच्या आत छोट्या पिशव्यांत आधीपासून भरून ठेवलेलं असतं, त्यामुळे ते काही मिनिटांत पृष्ठभागावर येतं, नवं बनवावं लागत नाही. म्हणजे स्टेंट फुगवल्यावर डॉक्टर हातमोजे काढत असतील तोवर पेशी घरंगळायला लागलेल्या असतात. पलीकडे उतरल्या की त्या ऑक्सिजनचे विखारी रेणू आणि प्रथिनं पचवणारे एन्झाइम सोडतात, ते जंतू मारायला असतात, पण इथे जंतू नाहीतच. शिवाय न्यूट्रोफिल ताठर असतो, केशवाहिनी त्याच्यापेक्षा अरुंद, तिथे तो बुचासारखा बसतो आणि मोठी शीर मोकळी असूनही बारीक शिरांतून रक्त जात नाही.

पाऊलवाट
ताई, मी हे तीनदा वाचलं. इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मग "सापडलं" वाटल्यावर पुढे काय झालं? अँटीबॉडी आहे ना, मग?

रानवारा
पुढे काय होणार, कंपन्यांना स्टेंट विकायचेत. एका इंजेक्शनात भागलं तर धंदा कसा चालेल.

जुनी_वही
रानवारा, या बाबतीत तरी उलटं झालंय. कंपन्यांनीच यात हात पोळून घेतलेत. मी काही वर्षं क्लिनिकल ट्रायलच्या कागदपत्रांचं काम केलंय, त्यामुळे हा इतिहास थोडा पाठ आहे. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

१९८३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी कुत्र्यांच्या अंगातले न्यूट्रोफिल आधीच कमी करून टाकले, मग हृदयाची शीर दीड तास बांधून सोडली. मेलेल्या स्नायूचा भाग बराच लहान निघाला. १९८८ मध्ये तिथल्याच गटाने न्यूट्रोफिल जागेवर ठेवून नुसती त्यांची पकड अँटीबॉडीने सोडवली, तरी तेच. मग मांजरं, ससे, माकडं, पी-सिलेक्टिन, आयकॅम, बहुतेक ठिकाणी फायदा. तेव्हाचे पेपर वाचले की त्यातला उत्साह आजही जाणवतो.

मग माणसं. लिमिट एएमआय नावाची ट्रायल, २००१ मध्ये छापली, ३९४ पेशंट, गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनबरोबर सीडी१८ ची अँटीबॉडी. रक्तप्रवाहात फरक नाही, जखमेच्या आकारात फरक नाही. दुसरी हॉल्ट-एमआय, २००२, ४२० पेशंट, दुखायला लागल्यापासून सहा तासांच्या आत आलेले, अँजिओप्लास्टीबरोबर दुसऱ्या कंपनीची तशीच अँटीबॉडी, दोन वेगळे डोस. ज्यांना औषध नाही त्यांच्या डाव्या कप्प्याचा सुमारे १६ टक्के भाग मेलेला, ज्यांना औषध दिलं त्यांचा १६-१७ टक्के. म्हणजे शून्य. सिलेक्टिनला गुंतवून ठेवणारं एक बनवलेलं प्रथिन होतं, त्याचीही ट्रायल मधेच थांबवावी लागली. आणि या पेशींना आवतण देणारी कॉम्प्लिमेंट नावाची साखळी अडवून पाहिली, ती तर प्रचंड मोठी ट्रायल, अपेक्स-एएमआय, २००७, ५,७४५ पेशंट. मृत्यू कमी झाले नाहीत.

यात गेलेला पैसा काढला तर स्टेंटवाल्यांनी अडवलं असं म्हणवत नाही. उलट एवढे लोक एकाच भिंतीवर इतक्या वेळा का आदळले हाच खरा प्रश्न आहे.

रानवारा
ठीक आहे, हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. मग कुत्र्यात चाललं ते माणसात का नाही चाललं?

अमलताश
मध्येच विचारते, सूजच जर वाईट असेल तर सूज उतरवणाऱ्या साध्या गोळ्या असतात की, त्या द्यायच्या. घरोघरी असतात.

मध्यरात्र
अमलताश, कृपा करून हे कुणी करू नका. मी सीसीयूत ड्यूटी करते म्हणून ठळक सांगते: अटॅकनंतर अॅस्पिरिन सोडून बाकी सुजेच्या, दुखण्याच्या गोळ्या (आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे) टाळायच्या असतात, आधीपासून चालू असतील तरी बंद करतात. गुडघे दुखतात म्हणून अटॅकनंतर आठवड्याभरात स्वतःहून सुरू करणारे पेशंट मी पाहिलेत. दुखतंय तर डॉक्टरांना विचारा, त्याला दुसरी औषधं आहेत.

स्टेरॉइडचंही तसंच. १९७६ मध्ये अटॅकच्या पेशंटना मेथिलप्रेडनिसोलोन देऊन पाहिलं होतं, एका छोट्या अभ्यासात जखम कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली आणि ठोक्यांच्या गडबडी वाढल्या. पुढच्या अभ्यासांत चित्र इतकं वाईट निघालं नाही, पण तो दणका लोक विसरले नाहीत. सूज नुसती मारायची म्हटली की जखम भरायचं कामही थांबतं ही भीती तेव्हापासूनची.

अमलताश
बाप रे. बरं झालं विचारलं. आईच्या डब्यातून आजच काढून ठेवते.

काचपट्टी
मी पॅथॉलॉजिस्ट, निवृत्तीला आलेला. इतका वेळ गप्प वाचत होतो, पण या न्यूट्रोफिलची बाजू कुणीतरी घ्यायला हवी.

अटॅकमध्ये गेलेल्या माणसाच्या हृदयाचा तुकडा मी सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो वेळा पाहिलाय. पहिल्या काही तासांत तर काहीच दिसत नाही, स्नायू मेलेला असतो पण दिसायला जिवंत. दुसऱ्या दिवशी गुलाबी धाग्यांतली केंद्रकं फिकी होऊन जातात आणि धाग्यांच्या मधल्या फटीतून न्यूट्रोफिल रांगेने बसलेले दिसतात, तीन-चार पाकळ्यांचं निळं केंद्रक, चुकायचं कामच नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत गर्दी. मग त्या स्वतः मरतात, आणि मॅक्रोफेज येतात, मोठ्या, फेसाळ पोटाच्या पेशी, मेलेलं सगळं गिळत सुटतात. दहाव्या दिवसाच्या सुमाराला नव्या बारीक शिरा, मग व्रण. दोन महिन्यांत पांढरा, घट्ट व्रण.

या क्रमातला तिसरा ते सातवा दिवस सर्वांत नाजूक. भिंत पिवळी, मऊ, बोटाने दाबली तर खळगा पडतो. जुनं काढून झालंय आणि नवं आलेलं नाही. पाचव्या दिवशी घरी जायला निघालेला, कपडे घालून बसलेला माणूस जागेवर गेला आणि उघडल्यावर हृदयाभोवतीची पिशवी रक्ताने भरलेली, अशी केस माझ्या हाताखालून गेली आहे. भिंत फाटली होती. तेव्हा जो सफाई कामगार राडारोडा उचलतोय त्याला दाराशी अडवायचं म्हणताना मला धास्ती वाटते. जखम झाली शीर बंद पडल्यामुळे आणि गुन्हेगार कोण, तर तिथे सापडला तो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

२०१७ मध्ये उंदरांवरचं एक काम आलं, अटॅक आणून न्यूट्रोफिल काढून टाकले तर हृदय अधिक बिघडलं, कारण मागून येणारे मॅक्रोफेज नीट तयारच झाले नाहीत, मेलेल्या पेशी गिळायचं त्यांचं बळ कमी पडलं. न्यूट्रोफिल त्यांना कामाला लावून जातात.

सूक्ष्मदर्शी
काका, मान्य, पण पूर्ण नाही. तुम्ही पाहता ते दुसऱ्या दिवसाचं दृश्य. मी बोलतेय ती पहिल्या अर्ध्या तासाची गोष्ट. पहिल्या तासात जे बारीक शिरांत बूच बसतं आणि अस्तर फाडतं ते आणि तिसऱ्या दिवशी जे सफाई करतं ते, पेशी एकाच जातीची पण प्रसंग वेगळा. आम्हाला कायमचं अडवायचं नाहीये, एक डोस, काही तास. सफाईवाले नंतर येतीलच.

आणि ट्रायल फसल्या त्याचं निदान एक कारण मला अगदी साधं वाटतं: वेळ. कुत्र्यात शीर सोडायच्या आधी औषध रक्तात असायचं. माणूस आधीच काही तास दुखणं काढून आलेला, त्यात अँटीबॉडी पोचेपर्यंत शीर उघडलेली. वरातीमागून घोडं.

काचपट्टी
अँटीबॉडी काही तासांत जात नाही बाई, दिवस दिवस रक्तात राहते. तुझी "काही तास" ही अट औषधानेच पाळली नाही तर? बाकी वेळेचा मुद्दा खरा आहे.

सूक्ष्मदर्शी
हा. ते बरोबर बोललात. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

निशिगंध
मी नवजात बाळांच्या आयसीयूत नर्स आहे. विषय हृदयाचा आहे पण "चिकटूच दिलं नाही तर काय होतं" हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून लिहिते.

एक बाळ होतं, महिना उलटला तरी नाळेचा तुकडा गळून पडला नव्हता. एरवी आठ-पंधरा दिवसांत पडतो. बेंबीभोवती लाल, बाळ तापलेलं, पण पू म्हणून नाही. रोज ड्रेसिंग करताना मला वाटायचं आज तरी पू दिसेल, जखम कोरडी, कडा काळपट, आणि वाढत चाललेली. रक्तात मात्र पांढऱ्या पेशी पन्नास हजारांच्या वर. आई विचारायची, इतक्या पेशी आहेत तर लढत का नाहीत. नंतर तपासणीत कळलं, त्या पेशींवर सीडी१८ नव्हतंच, जन्मजात. म्हणजे सगळ्या पेशी रक्तात नुसत्या फिरत होत्या, शिरेच्या भिंतीला धरून बाहेर उतरताच येत नव्हतं. जखमेच्या दारावरून जायच्या आणि पुढे निघून जायच्या. नाळ गळायलासुद्धा याच पेशी लागतात हे मला तेव्हा कळलं.

वर सूक्ष्मदर्शीताईंनी लिहिलं ना, घरंगळतात पण थांबत नाहीत आणि दुसऱ्या टोकाने निघून जातात, ते वाचून अंगावर काटा आला. त्याला बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी दुसरीकडे पाठवलं.

धुक्यातला_दिवा
निशिगंध, काय लिहिलंयस ग. या आजाराचं नाव काय?

निशिगंध
ल्यूकोसाइट अॅडहीजन डेफिशियन्सी, म्हणजे पांढऱ्या पेशींना चिकटताच न येणं. आम्ही एलएडी म्हणतो.

रानवारा
थांबा, पाऊलवाट यांच्या बाबांची बंद पडलेली शीरही एलएडीच ना? एकाच धाग्यात दोन एलएडी, मी मघापासून शिरेच्या जागी बाळ आणि बाळाच्या जागी शीर वाचतोय.

मध्यरात्र
हो :) हृदयातली एलएडी म्हणजे लेफ्ट अँटीरियर डिसेंडिंग. सहज जुळून आलंय. पण विचार करा, एका एलएडीत पेशी चिकटतात म्हणून त्रास आणि दुसऱ्या एलएडीत चिकटत नाहीत म्हणून.

जुनी_वही
निशिगंध यांच्या बाळावरून आठवलं. चिकटणं अडवणारी औषधं दुसऱ्या आजारांत बाजारात आलीच. सोरायसिससाठी एफालिझुमॅब, २००३ मध्ये मान्यता, २००९ मध्ये मागे घ्यावं लागलं कारण मेंदूत एक एरवी झोपलेला विषाणू जागा व्हायला लागला. नॅटालिझुमॅबचंही तसंच, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ते २००४ ला आलं, २००५ ला काढलं, २००६ ला कडक नियम लावून परत आणलं, आणि त्या पेशंटना त्याचा फायदा होतो हेही खरं. पण ते महिनोन्महिने घ्यायचं औषध. अटॅकमध्ये एकच डोस, तिथे इतकी भीती नको. हॉल्ट-एमआयमध्ये जास्त डोसवाल्यांत किरकोळ इन्फेक्शन थोडी वाढली होती, तेवढंच.

आणि सगळंच फसलं असंही नाही, हे मघाशी लिहायचं राहिलं. इन्क्लाकुमॅब नावाची पी-सिलेक्टिनची अँटीबॉडी, सिलेक्ट-एसीएस ट्रायल, माँट्रियलच्या हार्ट इन्स्टिट्यूटच्या जाँ-क्लोद तार्दिफ यांच्या गटाने २०१३ मध्ये छापली. ५४४ पेशंट. यात शीर पूर्ण बंद नसलेल्या अटॅकचे पेशंट होते, म्हणून औषध अँजिओप्लास्टीच्या आधी, तासभर ते दिवसभर आधी देता आलं. मोठ्या डोसमध्ये २४ तासांनंतरचं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) सुमारे २४ टक्क्यांनी कमी. आकडेवारीच्या दृष्टीने अगदी उंबरठ्यावरचा निकाल, आणि ५४४ पैकी ३२२ जणांचाच हिशोब त्यात धरता आला, त्यामुळे नाचण्यासारखं नाही. पण सूक्ष्मदर्शी म्हणतात तो वेळेचा मुद्दा इथे दिसतो. औषध आधी पोचलं.

सूक्ष्मदर्शी
हेच मला म्हणायचं होतं!! आणि पी-सिलेक्टिन प्लेटलेटवरही असतं, त्यामुळे ते झाकलं की गुठळी आणि न्यूट्रोफिल यांची आपसातली गट्टीही तुटते. माझा जीव अजूनही सिलेक्टिनवर आहे.

काचपट्टी
ट्रोपोनिन कमी झालं, माणसं कमी मेली का? ते दाखव मग मी पेढे... असो, मग मी मान तुकवीन. तोवर नाही.

मध्यरात्र
यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही ती सांगू का. मेटोप्रोलॉल, रोजच्या वापरातली बीटा ब्लॉकरची जुनी गोळी, तीच शिरेतून. स्पेनमधल्या मेटोकार्ड ट्रायलमध्ये (२०१३, २७० पेशंट) अँजिओप्लास्टीच्या आधी, ॲम्ब्युलन्समध्ये वगैरे, शिरेतून १५ मिलिग्रॅमपर्यंत दिलं तर जखम लहान झाली. सगळ्यांना वाटलं ठोके कमी झाले म्हणून. मग २०१७ मध्ये त्याच गटाने दाखवलं की मेटोप्रोलॉल सरळ न्यूट्रोफिलवर काम करतं, त्याला सुस्त करतं, प्लेटलेटशी त्याची जोडी जमू देत नाही. म्हणजे सगळे नवी अँटीबॉडी शोधत होते आणि चिकटणं कमी करणारं एक औषध ड्रॉवरमध्येच पडलेलं.

पण पूर्ण सांगते. अर्ली-बामी, २०१६, ६८३ पेशंट, तिथे तेच औषध कमी डोसमध्ये दिलं आणि फरक दिसला नाही. डोस, किती आधी दिलं, कोणत्या भिंतीचा अटॅक, वाद चालूच आहे. आणि बीपी पडलेल्या किंवा फुफ्फुसात पाणी झालेल्या पेशंटला हे शिरेतून द्यायचं नाही, म्हणून सरसकट देत नाहीत.

धुक्यातला_दिवा
कोल्चिसिनचं काय? गाऊटची गोळी. ते हृदयाला देतात असं ऐकलं, तेही न्यूट्रोफिलवरच ना?

जुनी_वही
हो, पण तो प्रश्न वेगळा. कोल्चिसिन रोज छोट्या डोसमध्ये (०.५ मिलिग्रॅम) देऊन पुढचा अटॅक टाळता येतो का हे पाहिलं. कोलकॉट, २०१९, ४,७४५ पेशंट, त्रास २३ टक्के कमी. लोडोको-२, २०२०, ५,५२२ पेशंट, ३१ टक्के कमी. सगळे खूश. मग २०२४ मध्ये क्लिअर नावाची ७,०६२ पेशंटची ट्रायल आली, अटॅकनंतर लगेच सुरू केलं, काही फायदा नाही.

आणि झालेली जखम लहान करायला म्हणून दिलं तेव्हा (कव्हर्ट-एमआय, २०२१, १९२ पेशंट) जखम तेवढीच राहिली आणि हृदयात गुठळ्या उलट जास्त झाल्या.

रानवारा
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून अर्धंच मिळालंय. वेळ सोडून दुसरं काय, कुत्रा आणि माणूस?

काचपट्टी
कुत्रा तरुण, निरोगी, शिरा स्वच्छ, बांधली ती शीर बाहेरून दोऱ्याने, सोडली की लगेच धोधो रक्त. माणूस साठीचा, शुगर, बीपी, शिरेत वर्षानुवर्षांचा थर, तो फुटून झालेली गुठळी, तिचे कण खाली बारीक शिरांत गेलेले. त्यांना अँटीबॉडी काय करणार? शिवाय मरण्याचे रस्ते पाच-सहा. कॅल्शियम पेशीत घुसतं, मायटोकॉन्ड्रियाला (पेशीतल्या वीजघरांना) भोकं पडतात, ही सगळी पडझड न्यूट्रोफिल यायच्या आधीच सुरू होते. एक रस्ता अडवला तर बाकीचे उघडेच. आणि आता पेशंटला स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), प्लेटलेट अडवणारी दोन-दोन औषधं आधीच दिलेली असतात, त्यांनीही थोडं चिकटणं कमी होतं, मग वर आणखी फायदा दिसायला जागा थोडी उरते.

मध्यरात्र
पाऊलवाट, तुम्ही लिहिलंत पोचल्यापासून पन्नास मिनिटं. उत्तम वेळ आहे ती. पण दुखायला लागल्यापासून किती?

पाऊलवाट
पहाटे चारला. आई म्हणते छातीवर हात ठेवून बसले होते, घाम आला होता. बाबा म्हणाले गॅस आहे, सकाळी बघू, मुलाला उठवू नको. मी पलीकडच्याच खोलीत होतो. सात वाजता मला कळलं. पोचलो तेव्हा साडेआठ.

म्हणजे साडेचार तास. हे मी आत्ता पहिल्यांदा मोजलं.

मध्यरात्र
मग तुमच्या मूळ प्रश्नाचं, नुकसान का झालं याचं, बरंचसं उत्तर तिथे आहे. १९७७ मध्ये रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांत शीर वेगवेगळा वेळ बांधून मोजलं होतं. चाळीस मिनिटांत सोडली तर धोक्यातल्या भागाचा ३८ टक्के मेलेला, तीन तासांनी ५७, सहा तासांनी ७१, सोडलीच नाही तर ८५. लाट आतल्या बाजूने सुरू होते आणि बाहेर सरकत जाते. न्यूट्रोफिल जे काही करतात ते या लाटेच्या वर.

हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाहीये, तुम्ही झोपला होतात. पाच तास उलटून गेल्यावरही शीर उघडली म्हणून ती लाट बाहेरच्या कडेपर्यंत जाण्याआधी अडली. ईएफ ३५ वर लगेच काही ठरवत नाहीत. ठोके बिघडले तर झटका देणारं यंत्र (आयसीडी) बसवायचं का हेही अटॅकनंतर निदान ४० दिवस, आणि स्टेंट टाकला असेल तर तीन महिने औषधं पूर्ण चालवून, मग इको करून ठरवतात. औषधं एकही चुकवू नका, विशेषतः प्लेटलेटच्या दोन गोळ्या.

निशिगंध
आणि बाबांनी तुम्हाला उठवलं नाही ते तुमची झोप मोडू नये म्हणून. हॉस्पिटलात येणारे निम्मे आजोबा असेच येतात. त्यांच्यावर रागावू नका.

पाऊलवाट
रागावलो होतो थोडा, खरं सांगतो. काल संध्याकाळी बाबांना हा धागा वाचून दाखवला, आकडे गाळून. बाळाची गोष्ट ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, त्याची नाळ पडली का शेवटी.

निशिगंध
ट्रान्सप्लांटनंतर सहा महिन्यांनी त्याची आई भेटायला घेऊन आली होती. बेंबी व्यवस्थित होती. बाबांना सांगा.

सूक्ष्मदर्शी
मला पण हे हवं होतं. थँक यू निशिगंध.

पाऊलवाट
धागा वर काढतोय. आज तीन महिने झाले, इको झाला. ईएफ ४२. टोक अजून हलत नाही. पुढच्या भिंतीबद्दल मागच्या कागदावर "हालचाल नाही" होतं, या वेळी "हालचाल कमी" लिहिलंय. बाबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ती ओळ मला बोटाने दाखवली.